म्हणून दाखवा

आई तोंड उघडेना.

चमचा तिच्या ओठांशी धरून मी दहा मिनिटं तिष्ठत उभी होते. आधी गोड बोलले, मग आवाज चढवला, मग आवाज चढवल्याची लाज वाटली म्हणून पुन्हा गोड बोलले. तिने ओठ मिटून घेतले होते आणि नजर भिंतीकडे लावली होती.

"आई, अगं एवढंच आहे. दोन चमचे. मग नाही त्रास देत."

"नको," ती म्हणाली आणि लगेच ओठ पुन्हा मिटले.

दीड वर्षापूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा उजवा हात गेला, पाय गेला आणि शब्द गेले. साऱ्या जन्मात जमवलेल्या शब्दांतले दोनच मागे उरले, 'नको' आणि 'अहो'. 'नको' माझ्या वाट्याला यायचं. 'अहो' बाबांच्या.

बाबा बाहेरच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. आई दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी त्यांनी औषधांचा डबा माझ्या हातात दिला आणि तिथे जाऊन बसले. पाच दिवस झाले. त्या डब्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही या ना. तुमच्या हातून घेईल ती."

"नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, दुसऱ्या कुणीतरी बघायचं."

"त्यांचं काय जातंय सांगायला! ती घेत नाहीये. तीन दिवस नीट एक घास औषध पोटात गेलेलं नाही."

"बरोबर सांगितलंय त्यांनी," बाबा म्हणाले. मान वळवलीच नाही.

औषध चुकलं तर काय होईल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुसरा झटका येईल. पहिल्याने दोन शब्द तरी ठेवले होते. दुसरा काय ठेवेल? चमचा वाटीत टाकून मी पलंगाच्या कडेला बसले. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं, आणि त्याचं खरं कारण घरात दोघांनाच माहीत होतं, मला आणि बाबांना.

माझे बाबा चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीत बसले. त्यांचं खरं नाव किती जणांना माहीत असेल देव जाणे, सगळे त्यांना पाचमिली म्हणायचे. पातळ औषधाची बाटली दिली की तिच्याबरोबर ते मापाचं टोपण द्यायचे आणि म्हणायचे, "पाच मिली म्हणजे पाच मिली. घरातला चमचा वापरायचा नाही. चमच्याचा काय भरवसा? कुणाचा तीनचा, कुणाचा चारचा, सासूबाईंच्या हातात असला तर सातचा." बायका हसायच्या, पण टोपण पिशवीत अगदी तळाशी जपून ठेवायच्या.

त्यांचा आणखी एक नेम होता, आणि त्या नेमापायी लोक मेटाकुटीला यायचे. औषध हातात देण्याआधी ते समोरच्याकडून सगळं वदवून घ्यायचे. "म्हणून दाखवा." कोणती गोळी, केव्हा, किती, जेवणाआधी की नंतर. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. रांग मागे कुरकुरत राहायची. एकदा शाळेचे हेडमास्तर आले होते. भर रांगेत म्हणून दाखवायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटला. "अहो, मी शिकलेला माणूस आहे," ते म्हणाले.

"म्हणूनच दोनदा म्हणा," बाबा म्हणाले.

आणि हेडमास्तरांनी दोनदा म्हटलं.

याच खिडकीत त्यांना आई भेटली. ती लिंबाच्या गोळ्यांच्या कारखान्यात होती. कारखाना कसला, दोन भट्ट्या आणि एक लांबलचक पत्र्याचं टेबल. साखरेचा पाक उकळायचा, तो हवा तितका आटला की टेबलावर ओतायचा, दोऱ्या ओढायच्या आणि कापायच्या. पाक झाला की नाही ते आई बघायची. अंगठा आणि पहिलं बोट, मध्ये पाकाचा थेंब, आणि बोटं हळूच उघडायची. तार आली तर एकतारी. पुढे आणखी आटवून थेंब गार पाण्यात टाकायचा, कडक गोळी झाली की भट्टी बंद. एके दिवशी मनगटावर पाक सांडला आणि ती दवाखान्यात आली. बाबांनी मलम काढलं, सवयीने सगळं सांगितलं, सवयीने म्हणाले, "म्हणून दाखवा." आईने घडाघडा म्हणून दाखवलं. आणि मग म्हणाली, "आता तुम्ही म्हणून दाखवा. पाकानं भाजलं तर पहिल्यांदा काय करायचं?"

"मलम," बाबा म्हणाले.

"चूक. पहिल्यांदा गार पाणी. भरपूर वेळ. मलम मग."

त्या खिडकीत बाबा नापास झाले ते तेवढे एकदाच. पुढच्याच महिन्यात त्यांनी तिला मागणी घातली.

आमच्या घरात इतर घरांत भांडणं होतात तशी भांडणं झाली नाहीत. आमच्याकडे भांडण व्हायचं ते पाकाचं आणि गोळीचं. आई म्हणायची, "साखर तीच, पाणी तेच. पाणी राहिलं की पाक, पाणी उडालं की गोळी. एवढ्यासाठी तुम्ही दोन-दोन वर्षं शिकता होय?" बाबांचा पारा चढायचा. "तुझी गोळी आणि माझी गोळी एक नाही. पातळ औषध लवकर लागू पडतं, पोरांना देता येतं, पण लवकर नासतं आणि मापात चुकतं. गोळी मापात चुकत नाही. आणि तुझी गोळी दातानं फोडली तर मजा, माझी फोडली तर सजा."

"ती कशी?"

"काही गोळ्या मुद्दाम हळू विरघळणाऱ्या केलेल्या असतात. दिवसभराचं औषध एका गोळीत बांधून ठेवलेलं असतं. फोडली की सगळं एकदम सुटतं. माणूस आडवा होतो."

"मग माझ्यासारखंच झालं की," आई म्हणायची. "चोखली तर तासभर, चावली तर संपली." आणि गालात गोळी धरून हसायची.

हे सगळं मी दुधाच्या दातांपासून ऐकत आलेय. मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. म्हणून तर स्वतःचा जास्त राग येतो.

झटक्यानंतर आईला गिळता येईना. गोळी घशात अडकायची. पातळ औषध द्यावं तर ते श्वासनळीत उतरायचं आणि ठसका लागून ती काळीनिळी व्हायची. दोन्हीकडून पंचाईत. बाबांनी त्यातून वाट काढली. गोळ्या दगडी खलात घोटून पीठ करायच्या. पातळ औषधात दवाखान्यातून मिळालेली घट्ट करायची पावडर घालायची. दोन्ही एकत्र करून लापशीसारखं करायचं आणि सावकाश भरवायचं. पण किती घट्ट? जास्त घट्ट झालं तर अडकतं, कमी झालं तर ठसका. पहिल्या आठवड्यात बाबा पार रडकुंडीला आले होते. मग एके सकाळी आईने आपला चांगला हात, डावा, वाटीकडे नेला. बोटावर थेंब घेतला, अंगठा टेकवला आणि बोटं हळूच उघडली. थेंब गळून पडला. "नको," ती म्हणाली. बाबांनी चिमूटभर पावडर वाढवली. तिने पुन्हा बोटं उघडली. मध्ये तार उभी राहिली.

"अहो," आई म्हणाली आणि तोंड उघडलं.

त्या दिवसापासून रोज तेच. तिने तार बघायची, त्यांनी भरवायचं. दीड वर्षात एकदाही ठसका लागला नाही. मी डेपोत जायच्या घाईत ते दोघं दिसायचे, आणि मनात यायचं, चला, हे एक तरी मार्गी लागलं. मला लक्ष घालायला नको.

मी एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीत बसते. चौकशीची खिडकी म्हणजे तोंडाची चक्की. लोक प्रश्न पुरा करायच्या आत मी उत्तर दिलेलं असतं. "फलाट तीन. सव्वानऊ. गेली. दुसरी साडेदहाला." मान वर करायचीही गरज पडत नाही. आवाजावरून मला कळतं कोण काय विचारणार. याचा मला अभिमान होता. आई लहानपणापासून मला तुरतुरी म्हणायची, ती काय उगाच?

त्या आठवड्यात डॉक्टरांनी नव्या चिठ्ठीत आईची रक्तदाबाची गोळी बदलली होती, पण चिठ्ठी मी वाचलीच नव्हती. डेपोतून येताना मी गोळी औषधाच्या दुकानातून घेतली. दुकानदार पाकीट देता देता काहीतरी सांगायला लागला. माझा फोन वाजत होता. "हो हो, माहितेय," मी म्हटलं. "माझे वडील याच कामात होते." त्याचं वाक्य तोंडातच राहिलं. मी रस्ता ओलांडूनही गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गोळ्यांचं पाकीट घेऊन उजेडाकडे गेले. लांब धरलं, जवळ धरलं.

"तुरतुरी, जरा बघ गं. काय लिहिलंय? आधीचीच आहे ना?"

मी दारात चपला घालत होते. "तीच आहे हो बाबा. बीपीची."

असं म्हणून मी गेले. फलाट तीन, सव्वानऊ.

साडेदहाला डेपोत फोन आला. बाबांचा आवाज अगदी सपाट होता. "आई डोळे उघडत नाहीये. घाम फुटलाय. मी गाडी बोलावलीय. तू थेट दवाखान्यात ये."

मी पोचले तेव्हा आईला सलाईन लावलेलं होतं आणि डॉक्टरीणबाई, माझ्याहून लहान असतील, गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन बाबांसमोर उभ्या होत्या.

"ही फोडून दिलीत?"

"हो."

"यावर लिहिलंय. फोडू नये, चावू नये. दिवसभराचा डोस एकदम गेलाय त्यांच्या पोटात."

"हो."

"कुणीतरी म्हणालं, तुम्ही फार्मासिस्ट होतात."

"होतो," बाबा म्हणाले. आणि थोडं थांबून, "चूक माझी आहे."

मी दोन पावलांवर उभी होते. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी. आत्ता बोल, आत्ता बोल, असं मन ओरडत होतं. बाबांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी चूप राहिले. बाई तशा चांगल्या होत्या, त्यांनी आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाल्या, "यापुढे औषधं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या." चौतीस वर्षं ज्या माणसाने साऱ्या गावाला गोळी कशी घ्यायची ते शिकवलं, त्याने मान हलवून "बरं" म्हटलं.

आई वाचली. तीन दिवसांनी घरी आली. गोळी पुन्हा बदलून साधी दिली होती, फोडून चालणारी. डबा माझ्याकडे आला आणि बाबा खिडकीपाशी जाऊन बसले.

आता वाटी माझ्या मांडीवर होती. मी केलेल्या त्या लगद्यात गुठळ्या झाल्या होत्या. आईने डावा हात पुढे केला, बोटावर घेतलं आणि बोटं उघडली. पाणी एकीकडे, गुठळी एकीकडे. "नको," ती म्हणाली, पण या वेळी ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती रोज मला हेच सांगत होती, आणि मी रोज तिचा हात बाजूला करून चमचा पुढे करत होते. औषध नको, असं तिने एकदाही म्हटलं नव्हतं. हे असलं नको, एवढंच ती म्हणत होती. मी तिचंही वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं.

मी वाटी ठेवली आणि बाहेर गेले. बाबांच्या समोर जमिनीवर बसले, म्हणजे त्यांना माझ्याकडे बघावं लागेल.

"बाबा, तुम्ही मला त्या दिवशी विचारलं होतं."

"हं."

"मी बघितलंच नव्हतं."

"माहितेय."

"माहितेय?"

"तू चपला घालत होतीस. पाठ होती तुझी."

मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन रडले, लहानपणी रडायचे तशी. "मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत? सगळं आपल्या अंगावर का घेतलंत? मी तिथंच तर उभी होते!"

बाबा म्हणाले, "सांगायचं काय? खिडकीत मी कुणाला म्हणवून घेतल्याशिवाय सोडलं नाही. हेडमास्तरांना सोडलं नाही. आणि तुला सोडलं. घरचं माणूस म्हणून. नाव वाचून दाखव, एवढं म्हटलं असतं तर तुला मागे वळावं लागलं असतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसून काही फरक पडणार नव्हता हे मला तेव्हा कळलं. "आणि डोळ्यांचंही सांगितलं नाही मी. सहा महिने झाले, बारीक अक्षर दिसत नाही. म्हटलं, सांगितलं तर तू डबा काढून घेशील."

"घेतलाच की शेवटी."

"घेतलास."

आतून आवाज आला. "अहो."

बाबा जागचे हलले नाहीत. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं मात्र घट्ट झाली.

"अहो," आई पुन्हा म्हणाली.

"बाबा, उठा," मी म्हटलं. डोळे पुसले. "डोळे माझे, हात तुमचे. मी वाचते, तुम्ही करा. डॉक्टरीणबाईंना मी आज जाऊन सगळं सांगेन. चूक कुणाची ते पण सांगेन. पण तिचं औषध आता गेलं पाहिजे."

ते उठले. मोरीत जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, दवाखान्यात धुवायचे तसे. मी डबा आणला. गोळ्यांचं पाकीट उजेडात धरलं आणि पहिल्यापासून वाचलं. नाव, एक-एक अक्षर. किती मिलिग्रॅम. तारीख. मग डॉक्टरांचा कागद वाचला, ही गोळी फोडून चालेल, असं लिहिलेली ओळ दोनदा. वाचून झाल्यावर गोळी त्यांच्या हातात देणार, तेवढ्यात माझा हात थांबला.

"बाबा," मी म्हटलं. पुढचे शब्द सबंध आयुष्यात मी कुणाला म्हटले नव्हते. "म्हणून दाखवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, आता दुखावले. पण ते नीट उभे राहिले, हात पुढे बांधून, त्यांच्या खिडकीसमोर रांगेतली माणसं उभी राहायची तसे. नजर समोर भिंतीवर.

"रक्तदाबाची गोळी. साधी. फोडून चालते. सकाळी एक, रात्री एक. पातळ औषध पाच मिली, सकाळीच."

"जेवणाआधी की नंतर?"

"नंतर. राहिलंच."

"पुन्हा म्हणा."

"अगं, मी शिकलेला माणूस आहे," ते म्हणाले. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"म्हणूनच दोनदा."

त्यांनी दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा एकही शब्द चुकला नाही. मग आईला आधी चार घास मऊ भात भरवला. नंतर गोळी खलात घातली आणि बत्ता फिरवला. पातळ औषध मी मापाच्या टोपणात ओतलं, टोपण डोळ्यांच्या रेषेत धरून पाचची खूण बघितली. पावडर त्यांनी घातली, न बघता, बोटांच्या अंदाजाने.

आम्ही दोघं पलंगापाशी गेलो. आईने डावा हात पुढे केला. बाबांनी चमच्याच्या टोकाने तिच्या बोटावर थेंब ठेवला. तिने अंगठा टेकवला आणि बोटं हळूहळू उघडली.

बाबा वाकले. खूप वाकले, नाक तिच्या हाताला लागेल इतके. रोजच इतके वाकत होते की काय, कोण जाणे. मी कधी बघितलंच नव्हतं.

"आली का गं तार?" त्यांनी मला विचारलं.

मीही वाकले. आईच्या सुरकुतलेल्या दोन बोटांमध्ये एक बारीक तार उभी होती. थरथरत होती, पण तुटली नव्हती.

"आली."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं, बाबा."

"अहो," आई म्हणाली आणि तिने तोंड उघडलं.